जमा-खर्चाची वही घेऊन वाचायची कादंबरी

वाचकांचे प्रश्न : इंग्रजी साहित्य

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी पुण्यात इंग्रजी घेऊन एम.ए. करते आहे. जॉन स्टाइनबेक यांची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ ही कादंबरी आम्हाला अभ्यासाला आहे. ओक्लाहोमातून कॅलिफोर्नियाला शेतमजुरीसाठी निघालेल्या ‘जोड’ आडनावाच्या कुटुंबाची गोष्ट मनाला भिडते, पण ती मधेच थांबते आणि त्या कुटुंबाचे नावही नसलेली प्रकरणे सुरू होतात. वर्गातले काही जण ती वगळूनच वाचतात. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या गाइडमध्ये कासव, धूळ, ट्रॅक्टर, द्राक्षे अशी प्रतीकांची यादी आहे. ती मी पाठ केली, तरी कादंबरी समजली असे वाटत नाही. माझे गाव आष्टी तालुक्यात आहे आणि आमच्या भावकीतली निम्मी घरे दसरा झाला की ऊसतोडीला जातात. उत्तर लिहिताना मी त्यांचा उल्लेख केला तर परीक्षक ते विषयांतर समजतील का?
– एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

उत्तर : तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला. मात्र त्याचे उत्तर त्या मधल्या प्रकरणांतच असल्यामुळे आधी त्यांच्याविषयी लिहिते.

कादंबरीत एकूण 30 प्रकरणे आहेत आणि त्यांपैकी 16 प्रकरणांत जोड कुटुंब नाही. ही प्रकरणे आकाराने लहान असली, तरी ती गाळणाऱ्याने लेखकाने काय रचले आहे हे पाहिलेलेच नसते. कीर्तन ऐकत वाढलेल्या आपल्या माणसांना ही रचना परकी वाटण्याचे खरे तर कारण नाही. कीर्तनकार पूर्वरंगात अभंगाचे निरूपण करतो आणि उत्तररंगात तेच तत्त्व आख्यानातून उभे करतो. निरूपणाच्या वेळी उठून गेलेल्या श्रोत्याच्या हाती नुसती गोष्ट लागते. स्टाइनबेक यांनी पूर्वरंग एकदाच सांगून संपवलेला नाही, तर त्याचे तुकडे करून आख्यानाच्या निरनिराळ्या टप्प्यांच्या तोंडाशी ठेवले आहेत. नवव्या प्रकरणात नाव नसलेले शेतकरी नांगर, घोडे आणि घरातले सामान मिळेल त्या भावाने विकून टाकतात, आणि दहाव्यात जोड कुटुंबाच्या हातावर शेतातल्या सगळ्या चीजवस्तूंचे मिळून 18 डॉलर पडतात. पंचविसाव्यात फळांचे भाव कोसळतात आणि सव्विसाव्यात हेच कुटुंब पीच तोडायला जाते. सत्ताविसाव्यात कोणीतरी कापूस वेचत असते, तर अठ्ठाविसाव्यात आपल्या ओळखीची माणसे त्या रानात उभी असतात. प्रकरणांच्या अशा जोड्या लावून वाचलेत, तर कथा कुठे थांबली असे तुम्हाला वाटणार नाही.

आता गाइडमधली यादी काही दिवस बाजूला ठेवा आणि एक शंभर पानी वही घ्या. पानाच्या मधोमध रेघ मारून एका बाजूला जमा आणि दुसऱ्या बाजूला खर्च लिहा. कादंबरीत जिथे जिथे पैशाचा आकडा येईल, तिथे प्रकरणाच्या क्रमांकासह तो टिपून ठेवा. माझे अनेक वर्षांचे ठाम मत आहे की ही कादंबरी कळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग हाच आहे, कारण तिचे कथानक घडते ते या आकड्यांमुळे. कासव सुंदर आहे आणि तिसरे प्रकरण मीही पुन्हा पुन्हा वाचते. पण जोड कुटुंब एका छावणीतून दुसऱ्या छावणीत का जाते, घरातला मुलगा टॉम माणूस का मारतो आणि घरातली माणसे एकेक करून का गळत जातात, याचे उत्तर कासवाजवळ नाही. ते पीचच्या एका पेटीमागे मिळणारे पाच सेंट आणि अडीच सेंट यांच्यामधल्या फरकात आहे.

पहिली नोंद त्या जाहिरातीच्या पिवळ्या कागदाची करा. कॅलिफोर्नियात मजूर हवेत, मजुरी चांगली, असे त्यावर छापलेले असते. सोळाव्या प्रकरणात तिकडून परत निघालेला, अंगावर चिंध्या असलेला एक माणूस त्या कागदाचे गणित उलगडून सांगतो. मालकाला हवे असतात 800 मजूर. तो छापतो 5,000 कागद, ते वाचतात कदाचित 20,000 माणसे आणि त्यांतली दोन-तीन हजार तरी घरदार मोडून वाटेला लागतात. दारात जितके भुकेले जास्त, तितका दर खाली. हे सांगणाऱ्या माणसाची बायको आणि दोन मुले अन्नावाचून गेलेली असतात, आणि मुलांच्या मृत्यूच्या कागदावर मात्र हृदय बंद पडल्याचे कारण लिहिलेले असते. ही नोंद कोणत्या रकान्यात करायची, हे तुम्हीच ठरवा.

सव्विसाव्या प्रकरणातला दुकानाचा प्रसंग तर अक्षर न अक्षर वाचावा असा आहे. हूपरच्या बागेत पीचच्या एका पेटीला पाच सेंट मजुरी आहे. घरातली सगळी माणसे, पोरेबाळेसुद्धा, फळे तोडतात आणि सुरुवातीच्या पेट्या तर फळाला डाग लागला म्हणून नाकारल्या जातात. एक डॉलर म्हणजे 100 सेंट, म्हणजे 20 पेट्या. त्या डॉलरची चिठ्ठी घेऊन मा, म्हणजे जोड कुटुंबाची आई, बागेतल्याच दुकानात जाते. दुकान मालकाचे, चिठ्ठी मालकाची आणि भाव गावातल्यापेक्षा चढे. गावात जाऊन घ्यावे तर पेट्रोलचा खर्च. थोडे मांस, बटाटे, पाव आणि कॉफी घेता घेता डॉलर संपतो आणि कॉफीत घालायला साखर उरत नाही. पुढच्या पेट्यांवर दहा सेंटची साखर उधार द्या, असे ती विनवते. दुकानातल्या नोकराला तशी परवानगी नसते. आधी तिची टिंगल करणारा तो माणूस शेवटी स्वतःच्या खिशातले दहा सेंट गल्ल्यात टाकतो आणि साखर तिच्यापुढे सरकवतो. जाताना मा त्याला सांगते की अडल्यानडल्या माणसाने गरिबाकडेच जावे, कारण मदत करतात ती तीच माणसे. पंधराव्या प्रकरणातही हमरस्त्यावरच्या खाणावळीतली बाई पाच-पाच सेंटच्या गोळ्या एका सेंटला दोन असे खोटेच सांगून दोन पोरांच्या हातावर ठेवते. तुमच्या वहीत मजुरीखेरीज जमेच्या बाजूला जे काही येईल, ते जवळपास सगळे अशा माणसांकडून आलेले दिसेल, आणि मधली प्रकरणे व कथेची प्रकरणे इथेही एकाच हिशेबात मिळतात.

आता ऊसतोडीकडे येते. सत्ताविसाव्या प्रकरणात कापूस वेचायला आलेल्या मजुराकडे पिशवी नसेल, तर त्याला ती एक डॉलरला विकत घ्यावी लागते आणि तो डॉलर मजुरीतून कापून घेतात. मजुरी 100 पौंडांना पहिल्या वेचणीला 80 सेंट, दुसऱ्या वेचणीला 90. म्हणजे बोंडाला हात लागण्याआधीच तो माणूस कर्जदार झालेला असतो. वजनाच्या काट्यावर त्याचा विश्वास नसतो. काटा खोटा आहे असे मजूर म्हणतो आणि पिशवीत दगड घातले असे काटेवाला म्हणतो. तुमच्या भावकीतल्या कोणाही जाणत्या माणसाला हे वाचून दाखवलेत, तर त्याला टीप द्यावी लागणार नाही. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, नवरा-बायको मिळून धरलेला एक कोयता, फडात बांधलेल्या मोळ्यांतून आणि वाढे विकून जे सुटेल त्यावर काढलेला हंगाम, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, अंगावर राहिलेली बाकी हे सगळे त्याच्या ओळखीचे आहे. काटामारी हा शब्द तर तुमच्या-आमच्या वर्तमानपत्रांत दर हंगामाला येतो.

तरीही दोन्ही गोष्टी सारख्याच आहेत असे लिहून थांबू नका, कारण परीक्षक विषयांतर म्हणेल ते तिथेच. फरक लिहा. जोड कुटुंबाला कोणी उचल देत नाही, कारण दारात इतकी माणसे उभी आहेत की कोणाला बांधून ठेवण्याची मालकाला गरजच नाही. आपल्याकडे तोडणीला माणूस पळू नये म्हणून त्याला आधी पैसे देऊन बांधतात. तिथे माणूस सुटा असल्यामुळे दर पडतो, इथे तो बांधलेला असल्यामुळे दर चढत नाही. दुसरा फरक घराचा. तोडणी संपली की टोळी गावाकडे परतते, निदान कुलूप लावलेले घर तिथे असते. जोड कुटुंबाचे घर ट्रॅक्टरने धडक देऊन पायावरून हलवलेले आहे. म्हणूनच दहाव्या प्रकरणात निघण्याच्या रात्री मा जुन्या पत्रांची पेटी उघडते, त्यातली एक अंगठी आणि कानातले असे थोडेसे काही काढून घेते आणि बाकीची पेटी चुलीतल्या निखाऱ्यांवर ठेवते. परत यायचे असते तर तिने ती पेटी शेजारणीकडे ठेवली असती.

काही वर्षांपूर्वी कार्तिकातल्या एका पहाटे सोलापूर रस्त्यावर यवतच्या पुढे बंद पडलेला एक ट्रॅक्टर मी पाहिला. मागच्या ट्रॉलीत बाजरीची पोती, खोपीचे बांबू, पाण्याचे हंडे, झाकलेल्या दुरडीत कोंबड्या, आणि या सगळ्यावर एक म्हातारी पाय पोटाशी घेऊन बसलेली. जुन्या हडसन मोटारीचा ट्रक करून त्यावर गाद्या रचणारे जोड कुटुंब मी तोवर 20 वर्षे शिकवत होते, पण त्या गाडीवर आजीला कुठे बसवले असेल हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला. घरी येऊन मी ते प्रकरण पुन्हा वाचले. त्यामुळे तुम्ही तुमच्या गावाचा उल्लेख जरूर करा. मात्र तो उत्तराच्या शेवटी सहानुभूती म्हणून करू नका. मजुरीचा दर कसा ठरतो हे सांगताना, मधोमध आणि नेमक्या शब्दांत करा. उचल आणि मुकादम हे शब्द इंग्रजी उत्तरातही तसेच ठेवून एका वाक्यात त्यांचा अर्थ द्या.

प्रश्न : मी निवृत्त अभियंता आहे. नातवाबरोबर ही कादंबरी वाचली. ती इतिहास म्हणून कितपत खरी मानावी? काही ठिकाणी लेखक बाजू घेऊन लिहितो असे वाटते.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : लेखक बाजू घेतो हे आपले निरीक्षण बरोबर आहे आणि ते त्याने कधी लपवलेही नाही. पण त्याने पाहून लिहिले आहे. स्टाइनबेक यांचा जन्म 1902 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सलिनास या शेतीच्या गावी झाला. 1936 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’ या वृत्तपत्रासाठी स्थलांतरित मजुरांवर सात लेखांची मालिका लिहिली. त्यासाठी फिरताना आर्विन इथल्या सरकारी छावणीचे व्यवस्थापक टॉम कॉलिन्स यांनी त्यांना वाट दाखवली आणि आपले अहवाल वाचायला दिले. कादंबरीतली वीडपॅचची छावणी त्या छावणीवरून आली आहे आणि अर्पणपत्रिकेत पत्नी कॅरल यांच्याबरोबर याच टॉमचे नाव आहे. 1938 च्या सुरुवातीला व्हायसेलिया भागात पूर आला, तेव्हा पाण्यात अडकलेली उपाशी कुटुंबे त्यांनी स्वतः पाहिली. शेवटच्या प्रकरणातला पाऊस तिथला आहे. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सुमारे पाच महिन्यांत, त्यांनी कादंबरी लिहून पूर्ण केली. ती एप्रिल 1939 मध्ये प्रसिद्ध झाली.

चुका आहेत, आणि त्या नातवाला अवश्य सांगा. जोड कुटुंबाचे गाव सॅलिसॉजवळ, म्हणजे ओक्लाहोमाच्या पूर्व टोकाला आहे. धुळीच्या वादळांचा मुख्य पट्टा तिथून खूप पश्चिमेला होता. या भागातली कुळे उठली ती अवर्षण, कापसाचे पडलेले भाव आणि ट्रॅक्टर यांच्यामुळे, आणि त्यात 1933 च्या शेतीविषयक कायद्याची भर पडली. लागवड कमी केल्याबद्दल सरकार पैसे देऊ लागले, ते बहुतांशी जमीनमालकाला मिळाले आणि कूळ मात्र रिकामे झाले. अभियंता म्हणून आपल्याला पाचवे प्रकरण विशेष आवडेल असे वाटते. त्यात ट्रॅक्टर चालवणारा मुलगा त्याच गावातला आहे, दिवसाला तीन डॉलर मिळतात म्हणून तो शेजाऱ्याचे घर पाडायला आला आहे. त्या घरातला शेतकरी बंदूक कोणावर रोखायची असे विचारतो, तेव्हा मुलापासून बँकेपर्यंत आणि बँकेपासून पूर्वेकडच्या शहरापर्यंत बोट फिरत राहते आणि हातात धरता येईल असा माणूसच सापडत नाही.

याहून मोठी उणीव वेगळी आहे. कॅलिफोर्नियाच्या शेतांत त्याआधी अनेक वर्षे मेक्सिकन, फिलिपिनो, जपानी आणि चिनी मजूर राबले होते. मंदीच्या काळात मेक्सिकन लोकांना मोठ्या संख्येने देशाबाहेर घालवले गेले, त्यांत अमेरिकेतच जन्मलेलेही होते. ही माणसे कादंबरीत एखाद्या ओळीत येऊन जातात. गोऱ्या वाचकाला आपलीच माणसे उपाशी आहेत असे वाटावे, या हेतूने हे झाले असावे असे मला वाटते. हेतू समजला तरी उणीव भरून निघत नाही. सनोरा बॅब या लेखिकेने त्याच छावण्यांत काम करून त्याच विषयावर कादंबरी लिहिली होती. स्टाइनबेक यांचे पुस्तक आधी आल्यामुळे प्रकाशकाने तिची कादंबरी बाजूला ठेवली आणि ती छापली गेली थेट 2004 मध्ये. स्टाइनबेक यांना 1940 मध्ये पुलित्झर आणि 1962 मध्ये नोबेल मिळाले, तेव्हा हे दुसरे हस्तलिखित पेटीतच होते.

पुस्तकावर तेव्हाही खोटेपणाचा आरोप झालाच. जोड कुटुंब जिथे पोचते त्या कर्न काउंटीच्या कारभाऱ्यांनी ऑगस्ट 1939 मध्ये ते सार्वजनिक ग्रंथालयांतून आणि शाळांतून काढून टाकण्याचा ठराव केला. तिथल्या ग्रंथपाल ग्रेचेन नीफ यांनी त्याला लेखी विरोध नोंदवला, तरी बंदी 1941 पर्यंत टिकली. आपल्या नातवाने पुढे शोध घ्यायचा असेल, तर एक दुवा देते : कामगारांना संघटना करण्याचा हक्क देणारा अमेरिकेचा 1935 चा कायदा शेतमजुरांना लागू नव्हता. जोड कुटुंबाबरोबर आलेला माजी धर्मोपदेशक केसी पीचच्या बागेबाहेर संप का करतो आणि त्याला मारणारे का सुटतात, हे त्या एका अपवादावरून बरेच उलगडते.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. या कादंबरीतले संवाद मुलांना वाचताच येत नाहीत. शब्द अर्धे तोडलेले आणि व्याकरण चुकीचे असते. आधी शुद्ध इंग्रजीत करून द्यावेत का?
– एक शिक्षक, हडपसर

उत्तर : कृपया तसे करू नका. ते संवाद डोळ्यांनी वाचायचे नाहीत, मोठ्याने म्हणायचे आहेत. पहिल्या तासाला स्वतः दोन पाने वाचून दाखवा आणि मग मुलांना पात्रे वाटून द्या. चौथ्या-पाचव्या पानाला कान बसतो, असा माझा अनुभव आहे. मुलांना मराठीत सांगायची वेळ आली, तर मा जोडच्या तोंडी पेठेतली प्रमाण मराठी घालू नका. तुमच्या वर्गात मराठवाड्यातून, सोलापुराकडून आलेली मुले असतील. त्यांच्या आजीने हे कसे म्हटले असते, असे त्यांना विचारा. ज्या मुलाला आपल्या बोलीमुळे वर्गात गप्प बसावे लागते, तो त्या तासाला पहिल्यांदा बोलेल. अठराव्या प्रकरणातला ‘ओकी’ हा शब्दही त्याच तासाला घ्या. आधी त्याचा अर्थ ओक्लाहोमाचा माणूस एवढाच होता, आता ती शिवी झाली आहे, असे परतीच्या वाटेवरचा एक माणूस नदीकाठी टॉमला आणि त्याच्या वडिलांना सांगतो. गावाच्या नावाची शिवी कशी होते, याची उदाहरणे मुले स्वतःच देतील.

प्रश्न : परीक्षा जवळ आली आहे. पुस्तकाऐवजी जुना चित्रपट पाहिला तर चालेल का? शेवट मात्र मैत्रिणीने सांगितला त्यापेक्षा वेगळा दिसला.
– एक विद्यार्थी, शिवाजीनगर

उत्तर : पुस्तकाऐवजी चालणार नाही, पुस्तकानंतर अवश्य पाहा. जॉन फोर्ड यांचा हा चित्रपट 1940 मध्ये, म्हणजे पुस्तकानंतर वर्षाच्या आतच आला आणि हेन्री फोंडा यांनी केलेला टॉम विसरता येत नाही. शेवट वेगळा दिसला, कारण तो बदललेलाच आहे. पुस्तकात कुटुंबाला आधी सरकारी छावणी मिळते. तिथे स्वच्छ न्हाणीघरे आहेत, माणसे आपला कारभार आपण पाहतात, पण महिना उलटला तरी पुरेसे काम मिळत नाही. म्हणून ते पीचच्या बागेत जातात, तिथे केसी मारला जातो, संप मोडताच दर पाचावरून अडीच सेंटवर येतो. पुढे कापूस संपतो, पाऊस लागतो, टॉमची बहीण रोझ ऑफ शॅरन हिचे मूल मेलेलेच जन्मते आणि एका धान्याच्या कोठारात ती उपासमारीने मरायला टेकलेल्या अनोळखी माणसाला आपले दूध पाजते. चित्रपटात बाग आधी येते आणि छावणी नंतर. कोठाराचा प्रसंग नाहीच, आणि आपली माणसे टिकून राहतील असे मा गाडीत बसून सांगते तिथे तो संपतो. वर सदाशिव पेठेच्या विद्यार्थिनीला सांगितलेली वही तुम्ही ठेवली असेल, तर चित्रपट पाहताना ती शेजारी उघडी ठेवा. नोंदी बहुतेक त्याच आहेत, फक्त क्रम बदलल्यामुळे चित्रपटात शेवटच्या पानावर थोडी शिल्लक दिसते. पुस्तकात त्या पानावर जमेच्या बाजूला एकच नोंद राहते, आणि ती देणाऱ्या मुलीजवळ स्वतःचे असे दुसरे काहीही उरलेले नसते.